हैबतरावांची मऊ गाडी

सकाळी अकराच्या सुमारास पौडच्या चौकीचा शिपाई बहिरू नबीलाल मिस्त्रीच्या गॅरेजपुढं सायकलवरून उतरला आणि धापा टाकत म्हणाला, "मिस्त्री, चला लवकर. हैबतरावांची गाडी मालेच्या वळणावरनं खाली गेली."

नबीलालच्या हातातला पाना हातातच राहिला. ती गाडी त्याचा मुलगा चालवत होता.

"आन् शब्बीर?"

"जित्ता हाय." बहिरूनं नजर चुकवली. "कोठडीत हाय. म्हातारं मालक गेलं."

आतून त्याची बायको सुलताना धावत बाहेर आली.  नुसती दाराची चौकट धरून उभी राहिली. नबीलाल अंगातला तेलकट सदराही न बदलता चौकीकडं निघाला.

पानशेतच्या पुराला दोन वर्षं होत आली होती. फाल्गुनातलं ऊन आताच चटके देऊ लागलं होतं. चौकीच्या ओट्यावर चार माणसं जमली होती. नबीलालला पाहताच ती बाजूला सरली.

भिवाजी जमादार टेबलामागं बसून कागद लिहीत होता. पंचवीस वर्षांची ओळख. तरी आज त्यानं बस म्हटलं नाही.

"मिस्त्री, चारला पुण्याची गाडी येतीया. शब्बीरला न्यायचा हुकूम हाय. साधी हयगय न्हाई. चालत्या गाडीतनं उडी टाकली त्यानं. पंगू मालकाला मरायला सोडून पळाला."

"माझं पोर तसं करायचं न्हाई."

"हरेक बाप असंच म्हणतोय. दोन मिंटं बोलून घ्या."

कोठडीच्या गजांमागं शब्बीर उकिडवा बसला होता. बावीस वर्षांचा, अंगानं काटक. बापाला पाहून तो झटक्यानं उठला.

"अब्बा, गाडी मी चालवतच न्हवतो."

"मग कोण?"

"धाकले मालक. कुशाबा."

हैबतरावांना मूलबाळ नव्हतं. बायको केव्हाच गेली होती. धरणाच्या अंगाला त्यांची शेती होती आणि सगळं पुढं पुतण्या कुशाबाचंच होणार होतं.

"नीट सांग. पहिल्यापासनं."

"साडेसहाला निघालो. मालक मागं, उशा लावून. मालेच्या अलीकडं ओढ्यापाशी धाकले मालक वाटंत उभं व्हते. ते गाडीत बसले. मला म्हणाले, काकांच्या पाठीला लावायचं तेल संपलंय, डोंगराच्या कडंला वैदूची झोपडी हाय, पळत जाऊन घिऊन ये. मी ग्येलो. झोपडीत कुणी न्हवतं. परत आलो तर गाडी न्हाई. वाटलं, गेले असतील पुढं. म्हणून शेतातल्या पायवाटंनं पौडाकडं निघालो. रस्त्याला लागलो नि पोलिसांनी धरलं."

"वैदू भेटला न्हाई. वाटंत कुणी बघितलं?"

"कुणी न्हाई."

नबीलालनं गज घट्ट धरले. "शब्बीर, माझ्याकडं बघ. हातनं चूक झाली असंल तर चूक म्हण. मी सायबाच्या पाया पडंन."

शब्बीर गजांपासून मागं सरला. मग हळू म्हणाला, "तुमीबी?"

नबीलालनं गज सोडले. तो परत टेबलापाशी आला.

"जमादारसाहेब, कुशाबा काय म्हणतोय?"

"तो वळणाच्या वरल्या शेतात व्हता. त्यानं डोळ्यांनी बघितलं. गाडी भरधाव आली, एका अंगाला कलली, होडीवानी डुलत गेली नि खाली कोसळली. त्याआधी शब्बीरनं उडी टाकली."

"कुशाबा खाली उतरला व्हता, गाडीपाशी?"

"न्हाई. हातपाय गळाले म्हणतोय. आमी पोचलो तवा रस्त्यावरच बसून रडत व्हता. तसा जबाब दिलाय."

"मालकांना कुणी काढलं?"

"मी नि बहिरूनं. मागल्या दारानं. कपाळाला ही एवढी खोक." जमादारानं बोटं ताणून दाखवली. "पण शीटच्या पांढऱ्या खोळीवर रगताचे दोनच थेंब. पडल्या पडल्या जीव गेला असंल."

"फिरता खटका कितीवर व्हता?"

जमादारानं कागद चाळला. "एकवर. पंचनाम्यात लिवलंय. मला नि बहिरूला सोडून कुणाला म्हाईत न्हाई. का?"

हा खटका हीच त्या गाडीची करामत होती. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून हैबतरावांनी ती घेतली ती याच खटक्यासाठी. कडब्याच्या गंजीवरून पडून त्यांचा कणा दुखावला होता. वाटेत खडा आला तरी ते कळवळायचे. चाकांपाशी धक्के झेलणारे चार शॉकअप होते आणि स्टेअरिंगजवळचा खटका फिरवला, की विजेच्या जोरावर चारही शॉकअपच्या आतली झडप फिरायची. एकवर ठेवला की गाडी मऊ व्हायची. खड्ड्यावरून पाळण्यासारखी जायची. पण वळणावर जोरात घेतली तर झुलायची, कलायची. चारवर ठेवला की कडक. वळणावर रस्ता धरून राहायची. पण एकेक दगड पाठीत बसायचा.

मालक गाडीत असले की खटका एकवर. साऱ्या मावळात तिला 'हैबतरावांची मऊ गाडी' म्हणत. कुशाबाला मात्र गाडी चारवर टाकून वळणं कापत सुटायला आवडायचं. कुशाबा चालवायला असला, की म्हातारा सहसा गाडीत बसत नसे.

"म्हातारं आज निघालं कुटं व्हतं?" नबीलालनं विचारलं.

"माझ्याकडंच. काल निरोप व्हता. 'उद्या येतो, एक सांगायचं राहून गेलंय.' काय ते आता देवाला ठाऊक."

"मला गाडी बघू द्या. चारच्या आत माघारी येतो."

"बघून काय व्हनार?"

"काय व्हनार ते मलाबी ठाऊक न्हाई. पर हितं बसून पोराला न्हेताना बघवायचं न्हाई मला."

जमादारानं कागद बाजूला सारला. "बहिरूला संगं न्या. जे खोलाल ते त्याच्या डोळ्यांदेखत. आन् घाई करा. कुशाबा बैल लावून गाडी वर काढतोय. भंगारात देतो म्हणतोय."

"आजच?"

"म्हणतोय, डोळ्यांपुढं नको."

साडेबाराला दोघं एसटीनं मालेला उतरले. मोरीपाशी रस्ता उखडलेला होता. गिट्टी वर आली होती. तिथं सगुणाबाई शेण गोळा करत होती. नबीलालनं तिला थांबवलं.

"सगुणाअक्का, सकाळी मालकांची गाडी बघितली?"

"बघितली की. हितनंच ग्येली."

"कशी ग्येली?"

"कशी म्हंजी? धडाधडा आदळत ग्येली. मोकळी बैलगाडी उधळावी तशी. मी म्हटलं, आज मालकांच्या गाडीला झालंय तरी काय."

"चालवत कोण व्हतं?"

"त्ये न्हाई दिसलं. काचंवर ऊन व्हतं."

"आतनं आवाज? कुणी ओरडलं?"

"न्हाई बा. पत्र्याचाच आवाज तेवढा."

नबीलाल पुढं निघाला. बाईचं बोलणं त्याच्या डोक्यात घोळत होतं, पण त्याचा धागा सापडत नव्हता. आदळत गेली म्हणजे जोरात गेली. जोरात गेली म्हणजे दोष शब्बीरवरच येणार.

वळणाखाली ओघळीत गाडी कुशीवर पडली होती. वर दोन बैल उभे होते आणि गडी दोर सोडत होते. बहिरूनं हाक मारून त्यांना थांबवलं. नबीलाल दगडाला धरधरून उतरू लागला. अर्ध्या वाटेवर, कपारीत, त्याला बॅटरी दिसली. पहिल्याच आपटीत तिची बैठक मोडून ती बाहेर फेकली गेली होती. तारा मुळापासून तुटल्या होत्या.

तो खाली पोचला. पुढचा डावा मडगार्ड चेपला होता. गेल्या श्रावणातही तो चेपला होता, दिवाही फुटला होता. कुशाबानं गाडी आणली होती आणि सांगितलं होतं, म्हैस आडवी आली. नबीलालनंच तो ठोकून सरळ केला होता.

आतला खटका खरंच एकवर होता. त्यानं तो धरून हलवला, थोपटला, पान्यानं शेजारी ठोकलं. हलला नाही. आत दाबून फिरवला तरच फिरायचा. धक्क्यानं सरकणारी वस्तू नव्हे ती.

"झालं का?" बहिरूनं विचारलं. "एकवरच हाय न्हवं?"

"एकवरच हाय." नबीलालनं हात खटक्यावरून काढला. एकवर, आणि भरधाव वेग. म्हणजे गाडी कलणारच, झुलणारच. कुशाबानं सांगितलं तसंच झालं असणार. त्यानं घाम पुसला. डोळ्यांपुढं सुलताना आली, चौकट धरून उभी असलेली.

तरी आलोच आहे तर म्हणून तो गाडीखाली सरपटला. प्रत्येक शॉकअपच्या अंगाला एक छोटी डबी होती. तिच्या आत झडपेचा काटा आणि त्याच्यापुढं चार ठिपके. त्यानं पहिली डबी उघडली.

मग दुसरी. मग तिसरी. चौथा शॉकअप पार चेपला होता, तो उघडेना.

"बहिरू," तो खालूनच ओरडला, "हिकडं ये. हे तिन्ही काटे बघ. कोणत्या ठिपक्यावर हायेत?"

बहिरू पालथा झोपला. "चौथ्या."

"तिन्ही?"

"तिन्ही चौथ्या. का वो?"

नबीलाल तिथंच धुळीत पडून राहिला. वर खटका एकवर, खाली झडपा चारवर. सगुणाबाईचा आदळणारा आवाज. कुणी ओरडलं नाही ते. खोळीवरचे दोन थेंब. एकेक गोष्ट समोर येत गेली.

"बहिरू, बैल सोडायला लाव. ही गाडी आता कुणी हलवायची न्हाई."

"आन् चारच्या आत पौड कसं गाठायचं? एसटी तर ग्येली."

दोघं रस्त्यावर येऊन उभे राहिले. दोन वाजले. अडीच वाजले. एक लष्करी जीप न थांबता निघून गेली. नबीलाल चालू लागला, मग पळू लागला. पन्नाशीचा माणूस, छाती फुटेस्तोवर पळत होता. तीनला मागून कोळशाचा ट्रक आला. बहिरूनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून तो अडवला.

चौकीपुढं पुण्याची पोलीस गाडी येऊन ठेपली होती. शब्बीरच्या हाताला दोरी बांधली होती. कुशाबा बाकावर बसला होता, डोळ्यांना उपरणं लावून. जबाबावर सही करायला आला होता.

अंगभर कोळशाची भुकटी माखलेला नबीलाल जमादाराला बाजूला घेऊन हलक्या आवाजात काही बोलला. बहिरूनं मान डोलावली. जमादार पुण्याच्या शिपायांना म्हणाला, "पाच मिंटं थांबा."

नबीलाल कुशाबापुढं उभा राहिला.

"धाकले मालक, तुमी गाडी पडताना बघितली. कशी पडली?"

"किती येळा सांगू? कलली, होडीवानी डुलली नि ग्येली. मऊ गाडी ती. तुझ्या पोरानं बेफाम हाणली."

"तुमी खाली उतरला न्हवता?"

"न्हाई."

"गाडी बघून आलो मी. बहिरूबी व्हता. गाडी चारवर व्हती."

कुशाबानं झटकन मान वर केली. "चारवर?"

"व्हय. कडक."

"कशी आसंल चारवर? खोटं बोलतुया हा. पोराला सोडवायला खटका फिरवून आलाय. एकवरच व्हता तो!"

जमादारानं हातातला कागद खाली ठेवला.

"कुशाबा," जमादारानं सावकाश विचारलं, "खटका एकवर व्हता, हे तुला कुणी सांगितलं?"

"काका गाडीत असले की एकवरच असतुया. सगळ्यांना ठाऊक हाय."

"तसं न्हाई म्हणालास तू. फिरवून आलाय म्हणालास. मिस्त्रीनं खटक्याचं नावबी घेतलं न्हवतं. तो म्हणाला, गाडी चारवर व्हती."

कुशाबानं उपरण्यानं कपाळ पुसलं.

"खटका एकवरच हाय," नबीलाल म्हणाला. "आजून तसाच हाय. पर चाकांपाशी झडपा चारवर हायेत. जमादारसाहेब, हे दोन आकडे कधीच निराळे नसत्यात. खटका फिरवला की वीज जाती नि झडपा फिरत्यात. खटका फिरला पर झडपा फिरल्या न्हाईत, म्हंजी तवा वीज न्हवती. बॅटरी पडताना वरच कपारीत तुटून राहिली. म्हंजी गाडी चारवर असताना पडली, आन् ती पडल्यावर कुणीतरी खाली उतरून खटका चारवरनं एकवर आणला."

"शब्बीरनंच आणला आसंल!" कुशाबा ओरडला.

"शब्बीर माझ्या हाताखाली ही गाडी शिकलाय. बॅटरी तुटली की खटका म्हंजी नुसतं बिनकामाचं बोंडूक, हे त्यो जाणतोय. हे ज्याला ठाऊक न्हाई त्याचाच हात तिथं ग्येला."

"पण फिरवायचा कशाला?" जमादारानं विचारलं.

"म्हातारा जित्ता दिसावा म्हणून." नबीलाल म्हणाला. "सगुणाबाईनं गाडी मोरीवरनं आदळत जाताना बघितली. चारवर टाकून, उखडल्या रस्त्यावरनं. खडा लागला तरी कळवळणारा माणूस आत बसलाय, आन् आतनं आवाज न्हाई. तुमीच सांगितलंत, कपाळाला एवढी खोक नि खोळीवर दोन थेंब. मेल्या माणसाचं रगत वाहत न्हाई साहेब, आन् त्याला धक्केबी बसत न्हाईत. मालक ओढ्यापाशीच ग्येले व्हते. शब्बीरला तेलाला पाठवलं तवाच. त्यांना मागं तसंच ठेवून यांनी गाडी सवयीनं चारवर टाकली, वळणापर्यंत आणली नि सोडून दिली. खाली पडल्यावर ध्यानात आलं, काका गाडीत असताना चारवर कोण ठेवील? म्हणून उतरून खटका एकवर केला. मग एकवरच्या गाडीला शोभंल अशी साक्षबी रचली. होडीवानी डुलली म्हणाले. पर चारवरची गाडी डुलत न्हाई. जे झालंच न्हाई ते यांनी बघितलं."

जमादार उठला. "पुण्याचा डॉक्टर खोक मरणाआधीची का नंतरची ते आज सांगंलच. पण कुशाबा, म्हाताऱ्याला मारून तुला मिळणार काय व्हतं? सगळं तुझंच व्हतं की."

कुशाबानं तोंड फिरवलं. नबीलालनंच मान खाली घातली.

"साहेब, गेल्या श्रावणात नथूची बायको चंद्राबाई मालेच्या रस्त्यावर मेलेली सापडली. कुणाची गाडी ते कळलं न्हाई तुमाला. त्याच आठवड्यात ही गाडी माझ्याकडं आली व्हती. दिवा फुटलेला, मडगार्ड चेपलेला. म्हैस आडवी आली म्हणाले. मी इश्वास ठेवला. ठोकून सरळ केला नि रंग मारला. म्हाताऱ्याला आज तुमाला हेच सांगायचं आसंल."

कुशाबानं तोंडावर उपरणं ओढून घेतलं. मग त्याच्या आतून आवाज आला, "धडक बसली तवा काका मागं बसले व्हते. आठ म्हयने पाठ धरली व्हती त्यांनी. सांगून टाक, सांगून टाक. आज ऐकंनात. ओढ्यापाशी पाया पडलो. तरी म्हणाले, तू न्हाई तर मी सांगतो. मग मी उशी…"

बहिरूनं पुढं होऊन त्याचा दंड धरला.

शब्बीरच्या हाताची दोरी सोडली. पुण्याची गाडी चारऐवजी पाचला निघणार होती, दुसऱ्या माणसाला घेऊन. शब्बीर बापापाशी आला. नबीलालला त्याच्याकडं बघवेना.

"मी तुला इचारलं, चूक झाली का म्हणून," तो म्हणाला. "इचारायला नको व्हतं."

"घरी चला," शब्बीर म्हणाला. "अम्मी उपाशी आसंल."

पण त्यांना निघता आलं नाही. जमादारानं नथूला बोलावून घेतलं होतं. तो बाजारातल्या वखारीत हमाली करायचा. तो आला, डोक्यावर दुमडलेलं रिकामं पोतं तसंच, दारात उभा राहिला. जमादारानं सारं सांगितलं. नथूनं पोतं काढून हातात घेतलं आणि कुशाबाच्या पुढं जाऊन बसला. मारायला उठेल म्हणून बहिरू सरसावला.

नथूनं एवढंच विचारलं, "धडक बसल्यावर जित्ती व्हती का ती?"

कुशाबानं पाय मागं ओढून घेतले.

"म्हातारं मागं बसलं व्हतं न्हवं? त्यानं बघितलं आसंल. तुला थांब म्हणालं आसंल. काय म्हणत व्हती ती? येवढं सांग. बाकी मला काय नगं."

 बाहेर पोलीस गाडीचं इंजिन सुरू झालं.

"व्हय," कुशाबा म्हणाला. "जित्ती व्हती. हात केला व्हता तिनं."

नथूनं मान हलवली, जणू त्याला हे ठाऊकच होतं. तो उठला. दारापर्यंत गेला आणि तिथंच खाली बसला. नबीलाल त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. तो मडगार्ड आपल्या हातानं सरळ केला, हे त्याला सांगायचं होतं.  त्यानं ते सांगितलं.

नथूनं ऐकून घेतलं. वर पाहिलं नाही.

"तुमाला कुठं ठाऊक व्हतं, मिस्त्री," तो म्हणाला, आणि रडायला लागला.